पत्र्याच्या खोलीची कडी

आबा,

घरात बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला बसले आहे. दाराला बाहेरून कुलूप आहे. दचकू नका, ते तुमच्या नातवानं लावलं. सकाळी साडेआठला तो बिडकीनकडे कामावर निघाला, लोखंडी जाळीचं दार ओढून घेतलं, कुलूप घालून दोनदा ओढून पाहिलं आणि जाळीतून आत बघत म्हणाला, "आई, पाणी पीत राहा. दुपारचं बाहेर पडू नको. आबांसारखं करू नको, प्लीज." गेल्या महिन्यात भाजी घेताना मला मंडईत भोवळ आली आणि एका भाजीवालीनं रिक्षात घालून घरी आणून सोडलं. तेव्हापासून हा कुलपाचा कारभार सुरू झाला आहे. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आहे, ती असती तर तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. पण तो काही माझ्यावर डूख धरून हे करत नाही. जिवाला जपतो म्हणून कोंडतो. हे वाक्य लिहिलं आणि मी पेन ठेवून उठले, तोंडावर पाणी मारून आले. पंचवीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी तुमच्याबद्दल स्वतःशी म्हणायचे.

आमचं घर आता हर्सूलच्या पुढं, चौथ्या मजल्यावर आहे. वर थेट गच्ची. मेंढरं गोदाकाठी, गंगेकडं नेताना या माळावर आमचा मुक्काम पडायचा, असं तुम्ही एकदा बोट दाखवून सांगितलं होतं ना, त्याच माळावर. माळ आता शोधून सापडायचा नाही. अकरा वाजले की स्लॅब तापायला लागतो, आणि दोनच्या सुमारास खोलीत उभं राहिलं तर डोक्यावर कोणी तापला तवा धरलाय असं वाटतं. कूलर आहे, चांगला मोठा आहे, पण त्याला पाणी लागतं आणि आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. कोरडा कूलर घरातलीच गरम हवा तोंडावर फेकतो, म्हणून मी तो बंद करते. खिडकी उघडावी तर झळ, लावावी तर जीव गुदमरतो. दर दोन तासांनी मुलाचा फोन येतो, "प्यायलीस का पाणी?" वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या दारोदार जाऊन हेच विचारत हिंडले. आता मला विचारणारा माझ्याच पोटी जन्मला आहे, आणि मी शहाण्यासारखी म्हणते, प्यायले.

तुम्ही माझ्याकडं आलात ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तेव्हा या शहराचं नावही दुसरं होतं. देवगाव रंगारीच्या आपल्या शिवारात बाभळीचा पालासुद्धा उरला नव्हता, टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं, आणि तुम्ही एका बाजारी कळप विकून मोकळे झालात. मला विचारलं नाहीत, कोणालाच विचारलं नाहीत. त्याच वर्षी माझा नवरा गेला होता. पोरगी एकटी पडली म्हणून शहरात निघालो, असं तुम्ही गावात सांगितलंत, आणि ते खोटं नव्हतं. येताना एक घोंगडी, एक काठी आणि वाघर घेऊन आलात. रात्री मेंढरांभोवती लावायची ती दोरीची जाळी तुम्ही खांद्यावरून उतरवलीत तेव्हा मी विचारलं, मेंढरं नाहीत तर ही कशाला आणली. "असू दे. पोराला झोपाळा व्हईल," तुम्ही म्हणालात. झोपाळा बांधायला त्या खोलीत जागा कुठं होती? वाघर खिळ्याला लटकत राहिली आणि तिच्या वासानं खोलीत मेंढरं असल्यासारखं वाटत राहिलं.

ती खोली तुम्हाला आठवत असेल. विटांच्या भिंती, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, आणि मागची एकुलती खिडकी दुसऱ्याच्या भिंतीवर उघडणारी. मी तेव्हा एका दवाखान्यात आरोग्यसेविका म्हणून नुकती लागले होते. उन्हाळा आला की आम्हाला पत्रकं मिळायची, ती घरोघर वाटायची आणि समजावून सांगायची. एका संध्याकाळी तुम्हालाही मी वाचून दाखवलं. सैल सुती कपडे घाला, डोकं झाका, ताक प्या, तहान नसली तरी पाणी प्या, बारा ते चार उन्हात जाऊ नका. तुम्ही मान हलवत सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "बरोबर हाय की समदं. आमच्या बापानं बी ह्येच सांगितलं, फकस्त त्यानं कागद नाय केला." तुमचं वागणं त्या पत्रकाच्या पुढंच होतं. पहाटे उठून चालून यायचं, उन्हं वर यायच्या आत भाकरी, कांदा आणि ताक पोटात घालायचं, दुपारी चहाला शिवायचं नाही. उन्हातून आल्यावर घटाघटा पाणी कधी प्यायला नाहीत. एक घोट तोंडात घ्यायचात, तो तसाच धरून ठेवायचात, आणि तोंड निवलं की मग गिळायचात. लहानपणी माळावर तुम्ही मला तेच शिकवलं होतं. "उन्हासंगं भांडायचं नाय, माय. त्येला वाट द्यायची," म्हणायचात. आल्याच्या आठवड्यात तुम्ही पत्र्याकडं बघून म्हणालात, वर कडबा टाकू, दोन पेंढ्या मी आणतो. मी नको म्हटलं. घरमालक ओरडेल, असं सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. गाव सोडून शहरात आले ते छपरावर कडबा टाकायला नाही, असं माझ्या मनात आलं होतं.

मग तुम्ही तुमची सोय तुम्हीच लावलीत. अकराच्या आत घरातून निघायचं, तलावाच्या बांधाकडं एक जुना लिंब होता त्याच्याखाली घोंगडी अंथरायची, आणि ऊन कलल्यावर परतायचं. मला हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या चाची एक दिवस गोळ्या घ्यायला दवाखान्यात आल्या आणि रांगेत उभ्या राहूनच म्हणाल्या, "अगे, तुम्हारे अब्बा रोज दुपहर को तालाब पे जाके बैठते. इत्ती धूप में. संभालो उनको." टेबलामागं डॉक्टरबाई होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काय हो, लोका सांगे ब्रह्मज्ञान?" पुढचं कोरडे पाषाण त्यांनी म्हटलं नाही, पण रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती, थट्टाच होती. पण मी नवी होते, विधवा होते, नोकरी टिकवायची होती, आणि मला ती झोंबली. घरी आल्यावर मी तुमच्यावर तोंड सोडलं. "माझी लाज काढता तुम्ही. आता मेंढरं राहिली का, माळानं हिंडायला?" हे मी म्हटलं, आबा. तुम्ही काठीला लागलेली माती अंगठ्यानं पुसत बसलात. तुम्ही तेव्हा उलटून बोलला असतात तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी बाहेरून कडी घातली. आत सगळं ठेवलं होतं. भरलेला माठ, तांब्याभर ताक, कांदा, ओला पंचा. पत्रकातलं एकही कलम मी सोडलं नव्हतं. कडीचा आवाज ऐकून तुम्ही आतून विचारलंत, "दार लावलंस का गं?" मी म्हटलं, "हो आबा, सावलीत राहा." त्या पत्र्याखाली दोन वाजता काय होत असेल हे मला कळायला हवं होतं, मी रविवारी त्याच खोलीत असायचे. पण रविवारी दार सताड उघडं असायचं आणि मी अर्धा दिवस ओट्यावर, चाचींच्या घराच्या सावलीत काढायचे. माणूस स्वतः कुठं बसतो हे त्याच्याच लक्षात येत नाही. सावली म्हणजे छप्पर, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी दार उघडलं की तुम्ही बाहेर येऊन बराच वेळ मोकळ्यात उभे राहायचात. चौथ्या दिवशी बोललात. "मेंढरं बी आपुन रातीलाच वाघरीत घालतो, माय. दुपारची नाय कोंडत. दुपारचं मेंढरू सोडायचं, त्येला आपसूक सावली घावती." मी म्हटलं, तुम्ही मेंढरू नाही. तुम्ही म्हणालात, "व्हय, त्ये बी खरंच." आणि हसलात. मला वाटलं, पटलं तुम्हाला.

तुम्ही तेव्हा गावाला का निघून गेला नाहीत, हे मी पुढं कितीदा तरी स्वतःला विचारलं. गावात काय होतं तुमचं? कळप नव्हता, आई नव्हती, विहीर कोरडी होती. आणि मी एकटी होते, म्हणून तुम्ही राहिलात. माझ्यासाठी आलेल्या माणसाला मी माझ्या अब्रूसाठी कोंडलं.

त्या दिवशी एका वस्तीत जुलाबाची साथ आली म्हणून आम्हाला सगळ्यांना तिकडं पाठवलं. चारला सुटणारी मी सात वाजता घरी पोचले. मुलगा सुट्टीत आत्याकडं गेलेला, चाची कोणाच्या तरी लग्नाला. कडी काढली आणि दार ढकललं, तर दार जाईना. आतून काहीतरी जड टेकलं होतं. ते तुम्ही होतात. दाराखालच्या फटीला तोंड लावून तुम्ही जमिनीवर पडला होतात. माठ रिकामा होता. त्यातलं शेवटचं पाणी तुम्ही घोंगडीवर ओतून ती अंगावर घेतली होती, आणि ती वाळून कडक झाली होती. तुम्ही हाक मारलीत की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मारली असेल तर ती कोणी ऐकली नाही. आणि मारलीच नसेल, तर का मारली नाही याचा विचार मी पुढं जाऊ देत नाही.

दवाखान्यात तुमचं अंग विस्तवासारखं तापलेलं होतं. बर्फाच्या पिशव्या लावल्या, सलाईन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन आला आणि विचारू लागला, काय झालं, उन्हात होते का, किती वेळ होते. तो माझ्याकडं बघून विचारत होता. मी तुमच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. तुम्ही तो घोट तोंडात धरलात, माझ्याकडं पाहिलंत, मग गिळलात आणि म्हणालात, "मीच हिंडलो उन्हात. पोरगी नको म्हनत व्हती." डॉक्टर तुम्हाला रागावला. या वयात असं करतात का बाबा, मुलीचं ऐकायचं की नाही. तुम्ही लहान मुलासारखी मान हलवलीत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं चाललं होतं आणि चोर तिथंच चमचा घेऊन बसला होता. मी चमचा पुन्हा भरला. संध्याकाळी सांगू, म्हटलं. उद्या सांगू, म्हटलं. तिसऱ्या दिवशी तुमची लघवी बंद झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. कागदावर जे तुम्ही सांगितलं तेच लिहिलेलं राहिलं.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही माफ केलं असेल. यापुढचं तुम्हाला माहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा पत्रकं घेऊन निघाले. एका घरी म्हातारा ऐकेना, त्याची सून रडकुंडीला आलेली. मी त्याला म्हटलं, "बाबा, माझे स्वतःचे वडील ऐकले नाहीत. दुपारचे उन्हात हिंडले. गेले." म्हातारा उठला आणि आत जाऊन बसला. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मग मी ते दारोदार सांगायला लागले. पत्रक लोक चुलीत घालायचे, तुमची गोष्ट लक्षात ठेवायचे. डॉक्टरबाई नव्या मुलींना म्हणायच्या, हिच्यासारखं सांगायला शिका. कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही. दर खेपेला तुम्ही थोडे जास्त हट्टी होत गेलात. मुलगा सुट्टीत माझ्याबरोबर यायचा, पिशवी धरून उभा राहायचा आणि ऐकायचा. हट्टी, न ऐकणारा, उन्हात हिंडून मेलेला आजोबा मी त्याला दिला. त्याचीच त्यानं आता मला आठवण करून दिली तर तोंड कुठं उघडू? पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना मी कधी काही वेगळं सांगितलं का, असं विचाराल तर, सांगितलं. दार उघडं ठेवा, झाडाखाली बसा, वर कडबा टाका, पोती ओली करून टाका. हे सगळं सांगायचे. फक्त हे मला कोणाकडून कळलं ते सांगत नव्हते.

आता आजचं सांगते. या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. दुसरी हरवली असं घरात सगळे समजतात. पंधरा दिवसांपूर्वी ती मला ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडली आणि मी ती तिथंच ठेवली. कोणाला बोलले नाही. रोज दुपारी भाकरीचं पीठ काढताना बोटांना लागायची. आज दीड वाजता डोळ्यांपुढं अंधारी आली, पत्र्याची खोली आठवली, आणि मी जाळीतून हात बाहेर काढून कुलूप उघडलं. डोक्यावर पदर घेऊन, भिंतीला धरून चार जिने उतरले. खाली पाण्याच्या टाकीजवळ एक लिंब बिल्डरच्या नजरेतून वाचला आहे. त्याच्याखाली वॉचमन बसतो. त्यानं खुर्ची दिली आणि म्हणाला, "बैठो मावशी. ऊपर तो भट्टी रहती ना इस टाइम." मी बसले. आबा, तिथं वारा होता. गरम होता, पण वाहत होता. मुलाचा फोन तिथंच घेतला, प्यायले म्हटलं, मग एक घोट पाणी तोंडात धरून बसले आणि चक्क डुलकी लागली. उठले तेव्हा चार वाजत आले होते. वर आले, आत शिरले, जाळीतून हात घालून कुलूप लावलं आणि किल्ली पिठात ठेवली. म्हणजे सुरुवातीला जे कुलूप म्हटलं, ते सकाळी त्याचं होतं. आत्ताचं मी लावलेलं आहे. उघडं ठेवलं असतं तर तो विचारणार, तुला भीती कशी वाटली नाही. आणि त्याला एकच खरं उत्तर आहे, की तुझा आजोबा उन्हात मेला नाही, सावलीत मेला, आणि कडी मी लावली होती. आज तो आला की सांगायचं, असं ठरवून हे लिहायला घेतलं होतं.

मधे उठावं लागलं, तो आला. वॉचमननं त्याला खालीच सांगितलं होतं, मावशी आज बराच वेळ बसल्या म्हणून, त्यानं कौतुकानंच सांगितलं असेल. वर येऊन तो ओरडला नाही, ओरडला असता तर सोपं होतं. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला, चेहरा पार उतरलेला. "कशी गेलीस, आई?" मी डबा उघडून किल्ली दाखवली. "मीच गेले होते," मी म्हटलं. तो किल्लीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आबांनी पण हेच केलं ना? तूच सांगायचीस. तुला काही झालं तर मी काय करू?" तो उत्तराची वाट बघत होता. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता. याहून सोपी वेळ मला कधी मिळाली नव्हती आणि मिळायचीही नाही. मी म्हटलं, "पाणी दे." त्यानं पेला भरून आणून दिला. मी एक घोट घेतला आणि तुम्ही शिकवल्यासारखा तोंडात धरला. तो थांबला. मग त्यानं ती किल्ली पीठ झटकून खिशात टाकली, "उद्यापासून दर तासाला फोन करतो," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

हा कागद मी पिठाच्या डब्यात, किल्लीच्या जागी ठेवते आहे. एवढंच सांगायचं राहिलं, की तो थांबला होता तेव्हा तोंडातलं पाणी मी केव्हाच गिळलं होतं, आबा. नुसतीच तोंड मिटून बसले होते.